मीठ, शाई आणि एक इलेक्ट्रॉन

तुमच्या घरात दहावीतलं मूल असेल, तर 'धातू आणि अधातू' हा धडा तुमच्याही वाट्याला येतोच. आमच्याकडे तो यंदा आला. आम्ही मूळचे सांगलीचे, आता म्हैसूरला स्थायिक. लेक इंग्रजीतून शिकते, मी मराठीतून शिकले. त्यामुळे अभ्यासाला बसलो की आधी शब्दांची जुळवाजुळव करावी लागते.

सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि मीठ तयार होतं, एवढं तिला पाठ होतं. तरी तिने विचारलं, "आई, आपल्याकडचं असं कुणी सहज देऊन टाकतं का?"

प्रश्न रास्त होता. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात: २, ८ आणि १. क्लोरीनच्या अणूत १७: २, ८ आणि ७. शेवटच्या कक्षेत आठ झाले की अणू स्थिर होतो, हे आपण सगळेच शिकलो. पण सोडियमच्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनलाही अणुकेंद्रकाने धरून ठेवलेलं असतं. त्याला सोडवायला ऊर्जा खर्चावी लागते. तो क्लोरीनला मिळाला की थोडी ऊर्जा परत येते, पण तेवढ्याने खर्च भागत नाही.

तो भागतो पुढच्या पायरीवर. देणारा सोडियम धन आयन होतो, घेणारा क्लोरीन ऋण आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना खेचतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असा स्फटिक रचला जातो. तो रचताना एवढी ऊर्जा बाहेर पडते की आधीचा खर्च फिटून वर शिल्लक राहते. हीच पकड मोडायला मीठ ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा कुठे ते वितळतं. सोडियम पाण्यात पडला तर भडकतो, क्लोरीन विषारी वायू. आणि दोघांपासून झालेलं मीठ मात्र आपण रोज आमटीत घालतो.

लेकीला हे पटलं, पण दिसलं नव्हतं. मग मी तिला मतदानाच्या शाईची आठवण दिली. ही शाई आमच्या गावातच बनते, म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश या सरकारी कारखान्यात. नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी तो १९३७ साली सुरू केला. १९६२च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभरातल्या मतदारांच्या बोटाला इथली शाई लागते. तिची कृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची.

या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. त्यातल्या चांदीच्या अणूने आपला एक इलेक्ट्रॉन आधीच दिलेला असतो, म्हणजे तीही धन आयन असते. शाई बोटाला लागली की घामातल्या मिठाचे क्लोराइड आयन तिला भेटतात आणि सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हात धुऊन जात नाही. मग त्यावर उजेड पडतो. उजेडाच्या ऊर्जेने क्लोराइडचा इलेक्ट्रॉन सुटून चांदीकडे येतो. चांदी पुन्हा धातू होते, पण इतक्या बारीक कणांची की ती चमकत नाही, काळी दिसते. कातडीवरचा डाग काही दिवसांनी जातो, नखावरचा मात्र नख वाढेपर्यंत राहतो.

२६ एप्रिल २०२४ला म्हैसूरमध्ये मतदान झालं, तेव्हा थोरल्या मुलाने पहिल्यांदा मत दिलं. त्याने आणि आजीने शेजारी शेजारी बोटं धरून फोटो काढला होता. लेकीने तो फोटो पुन्हा काढून पाहिला. "म्हणजे एकाने दोनदा मत देऊ नये, याची राखण एक इलेक्ट्रॉन करतो?" राखण माणसंच करतात, पण खूण तोच ठेवतो, असं मी म्हटलं.

तुमचं मूल हा धडा घोकत बसलं असेल, तर त्याला व्याख्या विचारू नका. इलेक्ट्रॉन कुठून निघाला, कुठे गेला आणि त्याचा खर्च कुणी भरला, एवढंच विचारा. उत्तर मराठीत आलं काय, इंग्रजीत आलं काय किंवा कन्नडमध्ये, चालेल. ते त्याचं स्वतःचं असलं म्हणजे झालं.