नाताळच्या मोसमातील रहस्यकादंबऱ्या

शरद ऋतू सरून आगमनकाळ जवळ आला की इंग्लंडमधील पुस्तकविक्रेते नव्या रहस्यकादंबऱ्या दर्शनी मांडू लागतात. तारणाऱ्याच्या जन्माची प्रतीक्षा करावयाच्या दिवसांत वाचकांनी खुनाच्या कथेचीही वाट पाहावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु प्रथा जुनी आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांचे प्रकाशक कॉलिन्स त्यांच्या नव्या पुस्तकाची जाहिरात ‘नाताळसाठी एक ख्रिस्ती’ अशा अर्थाच्या शब्दांत करीत असत. (मराठीत या आडनावावर किती सुंदर श्लेष साधतो, याची त्या इंग्रज मंडळींना कल्पनाही नसेल!)

आमच्या धर्मग्रामातील एका आजीबाईंनी माझ्या टेबलावरील पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून विचारले, “फादर, तुम्ही हे खुनाबिनाचं वाचता?” मी त्यांना रोनाल्ड नॉक्स यांची गोष्ट सांगितली. अँग्लिकन बिशपांचा हा मुलगा १९१७ साली कॅथलिक झाला, पुढे धर्मगुरू झाला, ऑक्सफर्डच्या कॅथलिक विद्यार्थ्यांची आध्यात्मिक सेवा त्याने केली आणि नंतर संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले. त्याच लेखणीतून सहा रहस्यकादंबऱ्याही उतरल्या! १९२९ साली त्यांनी या लेखनप्रकारासाठी चक्क दहा आज्ञा घालून दिल्या. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाला भेटलेला असावा. भुताखेतांची मदत घेऊ नये. गुप्त भुयार एकाहून अधिक नसावे. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. थोडक्यात, लेखकाने वाचकाशी प्रामाणिक राहावे. आजीबाई हसल्या, पण त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही.

त्यांची शंका क्षुल्लक नव्हती. पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला पाप हे करमणुकीचे साधन वाटूच कसे शकते? या प्रश्नाचे उत्तर मला नॉक्सपेक्षा चेस्टरटनकडे अधिक सापडते. त्यांच्या फादर ब्राऊनचा पहिला कथासंग्रह १९११ साली निघाला. त्या वेळी चेस्टरटन स्वतः कॅथलिक झालेही नव्हते, ते झाले १९२२ साली. फादर जॉन ओकॉनर या धर्मगुरूंशी झालेल्या स्नेहातून त्यांना हे पात्र सुचले. दुष्टपणाच्या किती तरी वाटा या साध्याभोळ्या दिसणाऱ्या धर्मगुरूला ठाऊक आहेत, हे पाहून चेस्टरटन चकित झाले होते. त्या संग्रहात हिऱ्यांच्या चोरीची एक नाताळकथा आहे. बागेतील झाडावर चढून निसटू पाहणाऱ्या फ्लांबो या चोराशी फादर ब्राऊन खाली उभे राहून बोलतात. पोलिसांना हाक मारीत नाहीत. या वाटेने गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, एवढेच सांगतात. हिरे वरून खाली पडतात, आणि ती फ्लांबोची अखेरची चोरी ठरते. पुढच्या कथांत तो स्वतःच गुप्तहेर होतो.

ॲगाथाबाईंच्या कथांत अशी क्षमा क्वचितच भेटते. तेथे न्याय असतो, आणि तोही कठोर. तरी त्यांच्या पुस्तकांची ओढ कमी होत नाही. पॉयरोची अखेरची कथा त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती. सुमारे तीस वर्षे ती बंदिस्त राहिली आणि १९७५ साली प्रसिद्ध झाली. त्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या काल्पनिक माणसाच्या निधनाचे वृत्त पहिल्या पानावर छापले. पुढच्याच जानेवारीत लेखिकाही निवर्तल्या.

यंदाच्या पुस्तकांच्या जाहिराती मीही चाळतो. ज्यांत प्रेतांची संख्याच मोठ्या अक्षरांत सांगितलेली असते, ती पुस्तके मी बाजूला ठेवतो. मेलेल्या माणसाला नाव आहे काय, त्याच्यासाठी घरात कोणी रडते आहे काय, हे मी आधी पाहतो. ते आढळले तर पुस्तक मागवितो. मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी मात्र ते उघडत नाही. प्रवचन अर्धवट राहण्याची भीती असते.