आखणी

मागच्या पावसाळ्यात पनवेलच्या एका शिबिरात एका मित्रानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू बौद्ध. घरात बाबासाहेबांचा फोटो. आणि सिझनला तू गणपती रंगवतोस. वर कॉलेजात शिकतोस काय, तर साबणाच्या जाहिराती करायला. मग चळवळीत तुझं काय काम?" पोरं हसली. मीही हसलो. उत्तर सुचलं नाही म्हणून हसलो. ते आज लिहितोय.

मी जित्याचा. 'जित्याची खोड' म्हणतात ती बहुतेक आमच्याच गावावरनं पडली असावी. पनवेल-रोहा लाइनीवर आपटा गेलं की जिते, मग हमरापूर, मग पेण. आमचं नाव स्टेशनाच्या पाटीपुरतं. हमरापूरचं नाव मात्र लांबवर गेलेलं. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, या पट्ट्यात गणपतीचे कारखाने. पेणचा गणपती म्हणून जो मुंबई-पुण्याला आणि परदेशात जातो, त्यातला बराचसा इथल्या साच्यांतून निघतो.

साच्यातून निघालेली मूर्ती खडबडीत असते. ती पॉलिश पेपरनं घासावी लागते. घासायला बाया बसतात. माझी आई त्यातली एक. पांढरी भुकटी केसांत, पापण्यांवर, डब्यातल्या भाकरीवर. संध्याकाळी घरी आली की लहानपणी मी तिला 'म्हातारी आली' म्हणून चिडवायचो. आता चिडवावं लागत नाही.

घासून झालं की पांढरा हात, मग बॉडी कलर, मग पितांबर, मग दागिने आणि सगळ्यात शेवटी आखणी. आखणी म्हणजे डोळे. एवढी मोठी मूर्ती, पण तिचा भाव ठरतो त्या दोन रेघांवर. म्हणून कारखान्यात आखणीवाल्याला मान. दहावीच्या सुट्टीत मी बॉडी कलरचा फवारा मारायचो. एक दिवस आखणीवाला आला नाही, टेम्पो दारात उभा, माल भरायचा होता. मी बारीक ब्रश उचलला. श्वास धरला आणि रेघ ओढली. कारखानदार बघत राहिला. म्हणाला, "हात चांगला आहे."

त्या दिवसापासून आखणी माझ्याकडे आली. पण रात्रीची. दिवसा गिऱ्हाईक यायचं, मूर्ती निवडायचं. तेव्हा मला मागच्या पडवीत घासकामाला पाठवायचे आणि पुढं दुसराच कुणीतरी ब्रश धरून बसायचा. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. बौद्धवाड्यातल्या हातानं उघडलेले डोळे देव्हाऱ्यात चालतात, तो हात दिसलेला चालत नाही. माझी कला आणि माझी जात यांची गाठ मला कुठल्या पुस्तकात नाही भेटली, त्या पडवीत भेटली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तिसरी गौरी-गणपतीची आहे. ती मला पाठ आहे. मी त्या मूर्तीला कधी हात जोडले नाहीत. हात लावला तो मजुरीसाठी. आईला एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "मी कुठं देव घासते रे? मी प्लास्टर घासते. देव ते करतात, घेऊन जाणारे." तिच्यासाठी हे उत्तर पुरेसं आहे. पण मला ते पुरत नाही. एकदा मजुरी म्हणून डोळे मिटले की उद्या कशालाही मजुरी म्हणता येतं. मित्राचा प्रश्न म्हणूनच बोचला.

त्या आखणीच्या पैशांवर मी मुंबईत कमर्शियलला प्रवेश घेतला. तिथं गेल्यावर कळलं की कलेतही चातुर्वर्ण्य आहे. पेंटिंगवाली पोरं वरच्या वर्णाची, आम्ही बाजारू. त्यांनी आत्मा रंगवायचा, आम्ही डबे-बाटल्या. जे.जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली निघाला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १९६१ साली त्या विभागाची वेगळी संस्था झाली, नावात 'उपयोजित कला' आलं. नाव बदललं तरी नजर बदलायला वेळ लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पण मी आमच्या वाड्यात बघतो तेव्हा मला दुसरंच दिसतं. आमच्या घरांत कधी कुठल्या गॅलरीतलं चित्र आलं नाही. आला तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून विकत आणलेला बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचं कॅलेंडर, भीमगीतांची कॅसेट. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. कुणीतरी त्यांच्या कोटाला निळा रंग दिला, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्याचा निळा. कुणीतरी ठरवलं की हातात पुस्तक हवं. १९६७ साली संसद भवनाच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा बसला. त्या शिल्पकाराचं नाव निदान सापडतं. कॅलेंडरवाल्याचं सापडत नाही. तोही बाजारूच होता, रुपयांत विकला जाणारा. पण माझ्या आजीनं, जिला अक्षर वाचता येत नव्हतं, बाबासाहेब त्याच्याच हातून वाचले. त्याला मी हलका कसा म्हणू?

म्हणजे कमर्शियल सगळं चांगलं असंही नाही. दुसऱ्या वर्षाला असाइनमेंट आली, अंगाला लावायच्या क्रीमची जाहिरात. रंगाच्या पेटीत एक ट्यूब असते, 'फ्लेश टिंट'. मांसाचा रंग म्हणे. कुणाच्या मांसाचा? अमेरिकेत क्रेयोलानं 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव १९६२ साली बदलून 'पीच' केलं. आपल्याकडं फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली, आणि 'फेअर' हा शब्द डब्यावरून जायला २०२० साल उजाडलं. पंचेचाळीस वर्षं आपल्या पोरींना रोज सांगितलं गेलं की तुझं तोंड ही एक चूक आहे. ते सांगणारे आमच्यासारखेच कमर्शियल शिकलेले होते. अक्षर सुंदर, रचना चोख. हे लक्षात ठेवायला पाहिजे.

मी ती ट्यूब बाजूला ठेवली. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा निळा मिसळून आईच्या हातांचा रंग तयार केला. पॉलिश पेपरनं सोललेले, भेगांत प्लास्टर बसलेले हात काढले. त्या हातांना क्रीमची खरीच गरज होती. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ड्रॉइंग उत्तम आहे. पण ही बाई क्रीम विकत घेईल असं वाटत नाही." मार्क कापले.

रात्रभर डोक्यात तेच. सर खोटं बोलले नव्हते. आई क्रीम घेत नाही, खोबरेल लावते. आधी वाटलं, ज्याला हे गिऱ्हाईक समजत नाहीत त्याला माणूसही समजत नाहीत. नंतर वाटलं, उद्या गिऱ्हाईक समजले तर काय होईल? दहा रुपयांचं पाऊच काढतील, त्यावर आईचे हात छापतील, आणि कारखान्यातली भुकटी तशीच उडत राहील. म्हणजे नुसतं आपलं तोंड जाहिरातीत आलं की जिंकलो, हेही खरं नाही.

मग आपण हे शिकायचं कशाला? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा म्हटलं तर 'केसरी'नं नकार दिला. दोस्तांनो, यावर जरा थांबा. बाबासाहेबांनी जाहिरात बाजारू म्हणून टाळली नाही. ती मागितली, आणि ती नाकारली गेली. नाकारणाऱ्यांनाही माहीत होतं की चार ओळींच्या जाहिरातीत काय ताकद असते. जून २०१६ मध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस पाडला गेला, तेव्हाही आपल्या पोटात खड्डा पडला तो नुसत्या विटांसाठी नाही. आपला शब्द छापण्याची ती जागा होती.

वाड्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या पेटीत मी पँथरच्या काळातली सायक्लोस्टाइल पानं पाहिली. मेणाच्या स्टेन्सिलवर हातानं कोरलेली अक्षरं. जास्त दाबलं की स्टेन्सिल फाटायचं, कमी दाबलं की अक्षर उठायचं नाही. शाई फुटलेली, ओळी तिरक्या. तरी पन्नास वर्षांनी वाचता येतात, कारण कोरणाऱ्यानं दाब बरोबर धरला होता. हीसुद्धा आखणीच. तिकडं र. कृ. जोशी जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस, त्यांनीच पुढं संगणकासाठी 'मंगल' हा फाँट केला. म्हणजे जाहिरातीत घासलेला हात लोकांच्या अक्षराच्या कामाला येऊ शकतो.

आता जयंतीची गोष्ट. गेल्या १४ एप्रिलच्या आधी मंडळाची पोरं आली. फ्लेक्स करायचा होता. देणगीदाराचा फोटो मधे, भोवती तेवीस तोंडं, आणि बाबासाहेब वर कोपऱ्यात, तिकिटाएवढे. मी म्हटलं, हे मी करणार नाही. पोरं चिडली. "तुला गणपतीचे डोळे चालतात, आमचा फ्लेक्स चालत नाही?" पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या तोंडून. या वेळी मी हसलो नाही. म्हटलं, तिथं माझी मजुरी आहे, इथं माझं घर आहे. घरात मी कुणाचंही तोंड मोठं करणार नाही.

देणगीदार गेला. पोरांनी आपसात वर्गणी काढली. मांजरपाटाचं कापड आणलं. आईनं आणि शेजारच्या दोन बायांनी ते ताणून धरलं, मी रात्रभर अक्षरं लिहिली. कुणाचा फोटो नाही. नुसतं निळ्यात 'महाड, २० मार्च १९२७', कारण ते तळं आमच्याच जिल्ह्यातलं, आणि खाली वाड्यातल्या बायांची नावं, घासकामवाल्यांची, एकेक करून. आईला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं, हे तुझं. तिनं त्यावरून हात फिरवला. ओला रंग बोटाला लागला. तो ठसा मी पुसला नाही.

या वर्षी पुन्हा फ्लेक्स लागला. तेवीसची एकतीस तोंडं झाली. कापडी बॅनर विहाराच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. एका बॅनरनं काही बदलत नाही, हे मलाही कळतं.

तेव्हा मित्रा, माझं उत्तर असं. मी कमर्शियल सोडणार नाही. ते हत्यार आहे आणि ते समोरच्याच्या हातात फार दिवस राहिलं. नोकरी करीन, डबे-बाटल्याही करीन. पण माणसाला त्याच्या कातडीची लाज वाटायला लावणारं काम घेणार नाही, आणि वाड्याचं काम करताना पैसे देणाऱ्याला बाबासाहेबांपेक्षा मोठा करणार नाही. कारखान्यात या सिझनलाही जाणार, फीचा शेवटचा हप्ता बाकी आहे. पण कारखानदाराला सांगून आलोय, आखणी करीन तर दिवसा, पुढच्या ओट्यावर, गिऱ्हाइकासमोर. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

नाही म्हणाला तर आईच्या शेजारी बसून प्लास्टर घासीन. हात तोच आहे.

जयभीम.