रेघ, पंगत आणि घोट

पक्षाघातानंतर हात उचलायला शिकवणं तुलनेनं सोपं, कारण तो हात पेशंटला दिसतो आणि आपल्याला धरता येतो. घशाचं तसं नाही. घोट घशात उतरला की साधारण एका सेकंदात स्वरयंत्र वर सरकतं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि अन्ननलिकेचं उघडतं. ‘गिळताना कंठमणी वरच धरून ठेवा’ असं सांगितलं की सिल्लोड-पैठणहून आलेले आबा विचारतात, “म्हंजी कसं, मॅडम?”

या प्रश्नाचं उत्तर मला बायोफीडबॅकमध्ये सापडलं. हनुवटीखाली इलेक्ट्रोड चिकटवले की स्नायूंची विद्युत क्रिया पडद्यावर रेघ होऊन उमटते. “आबा, रेघ वरच ठेवा,” एवढं पुरतं. आपल्या घशात अजून जोर आहे हे दिसल्यावर नाकातून अन्न देणाऱ्या नळीला कंटाळलेला माणूस उमेदीनं सरावाला बसतो.

पण ही रेघ फक्त जोर दाखवते. घोट श्वासनलिकेत गेला का, हे ती सांगत नाही. कित्येकांना तर तेव्हा ठसकाही लागत नाही. म्हणून नाकातून दुर्बीण घालून किंवा बेरियम पाजून क्ष-किरणांखाली गिळणं तपासल्याशिवाय मी व्यायाम ठरवत नाही.

शांत खोलीत नीट गिळणारा माणूस लग्नाच्या पंगतीत, गप्पांत आणि आग्रहात ठसकतो. व्हर्च्युअल रिॲलिटीचा खरा उपयोग मला इथे दिसतो: तो गोंगाट उपचाराच्या खोलीत आणता येतो. मात्र हा सराव फक्त लाळेच्या घोटाचा. हेडसेटनं डोळे झाकलेल्या माणसाला मी घास देणार नाही. हेडसेटच्या वजनानं मान कलते का, चक्कर येते का, तेही पाहावं लागतं.

ही यंत्रं गावी जात नाहीत, पेशंट जातो. म्हणून मी पडदा हळूहळू काढून घेते. आधी विचारते, “हा घोट कसा गेला?” आणि मग रेघ दाखवते. उत्तर आणि रेघ जुळू लागली की घरच्यांना शेजारी बसवते. दुधात कुस्करलेली भाकरी त्यांना सोपी वाटते, पण पातळ दूध पुढे पळतं आणि तुकडे मागे राहतात. त्यापेक्षा घोटलेली, एकसंध मुगाची खिचडी बरी. ती कशी शिजवायची, केवढा घास द्यायचा, जेवताना पाठ कशी ताठ ठेवायची, हे सुनेला किंवा लेकाला नीट जमलं, तरच पडद्यावरची मेहनत ताटापर्यंत पोचते.