पहिला घाणा

दिवाळीच्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलं की मला जगात माणसांचे दोनच प्रकार दिसतात. चकलीचा पहिला घाणा कढईतून निघतो. मोहन जास्त झालं का, मीठ बेताचं पडलं का, हे कुणीतरी खाऊन सांगावं लागतं. काही माणसं अशा वेळी जीभ भाजून घ्यायला हौसेनं पुढे होतात. उरलेली शहाणी माणसं चौथ्या-पाचव्या घाण्याला, चकली बिनचूक जमल्यावर, पाट मांडून बसतात. जगाचा कारभार या दुसऱ्या जातीच्या माणसांवर चालतो हे मला मान्य आहे. पण पहिला घाणा कुणी चाखलाच नाही तर पाचवा जमायचा कसा?

मी पहिल्या जातीचा. आणि माझी कढई म्हणजे मोबाइल फोन.

या फराळाची सुरुवात झाली ती १० जुलै २००८ रोजी. त्या दिवशी ॲपल कंपनीनं आयफोनसाठी ॲप्सचं दुकान उघडलं. दुकानात माल होता ५०० ॲप्सचा. त्या पहिल्या वर्षात गाजलेलं एक ॲप काय करीत असे, ठाऊक आहे? पडद्यावर बिअरनं भरलेला पेला दाखवीत असे. फोन ओठांशी नेऊन तिरका केला की पेला रिकामा होई. बस्स, इतकंच! दुसऱ्या एका ॲपची किंमत होती ९९९.९९ डॉलर. ते घेतलं की पडद्यावर एक लाल रत्न चमके आणि आपण श्रीमंत आहोत हे जगाला कळे. दुकानदारानं ते काढून टाकण्यापूर्वी आठ गिऱ्हाइकांनी ते घेतलं होतं. हे वाचून लोक पोट धरून हसले. मला मात्र त्या आठ जणांविषयी आपुलकी वाटली. खिशात तितके डॉलर नव्हते म्हणूनच मी नववा झालो नाही.

माझ्याकडे असा फोन आला २०१० साली. तेव्हापासून पुण्याच्या तपकीर गल्लीत मी इतक्या खेपा घातल्या आहेत की तिथले दुकानदार मला पाहताच काउंटरखालून काहीतरी नवं काढतात. फोनला चिमट्यानं लावायचं भिंग, पेनड्राइव्ह जोडायची वायर, गाडीच्या काचेला चिकटणारी आणि घाटाच्या नेमक्या वळणावर सुटणारी पकड, फोनहून जड असलेली पॉवर बँक. आमच्या घरातला एक अख्खा खण या संसारानं भरला आहे. ‘ही’ त्या खणाला ‘तुमचं देवघर’ म्हणते.

ॲप्सची कथा वेगळी नाही. पातळी दाखवणारं ॲप मिळालं त्या दिवशी घरातली एकही तसबीर माझ्या हातून सुटली नाही. फोन तिरका झाला की त्याच्या पोटातला एक बारीकसा भाग ते ओळखतो, आणि पडद्यावरचा बुडबुडा सरकतो. ‘‘अहो, वीस वर्षं या तसबिरी तिरप्या आहेत,’’ ही म्हणाली, ‘‘त्यांतल्या एकाही देवानं कधी तक्रार केली नाही.’’ मग होकायंत्राचं ॲप आलं. फोनच्या झाकणात ते बंद राहावं म्हणून चुंबक बसवलेलं असतं. त्या चुंबकापुढे बिचाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाचं काय चालणार? झाकण लावलं की आमच्याकडे सूर्य दक्षिणेला उगवे! २०१४ साली गूगलनं पुठ्ठ्याची एक पेटी काढली. तिला दोन भिंगं, आत फोन ठेवायचा आणि पेटी डोळ्यांना लावायची, की समोर दरी उभी राहते. आमच्या एका मावशीनं ती लावली आणि खुर्चीचे हात असे काही घट्ट धरले की पेटी काढून घेतल्यावरही ते सोडायला तयार होईना.

‘‘याचा उपयोग काय?’’ हा प्रश्न मला या वर्षांत जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा कुणाला त्याचं नावही विचारलं गेलं नसेल. आमच्या घरात हा प्रश्न विचारण्याचा पहिला मान तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा.

तात्यांचं सारं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. माझ्या पहिल्या फोनवर मराठी नीट उमटत नसे. कुठे नुसते चौकोन, तर कुठे जोडाक्षरांचे तुकडे. त्यावर मी एक तोड शोधून काढली. ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये एक आडवळणाची सोय होती. ती चालू केली की पानावरची अक्षरं दूरच्या संगणकावर चित्र बनून येत. फोनला मराठी येत नव्हतं, पण चित्र दाखवता येत होतं! मी हरखून गेलो. तात्यांना आधीचं पान आणि हे पान शेजारी शेजारी दाखवलं. त्यांची नजर आधीच्या पानावरच अडली. ‘‘ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, हे मुद्रित परत पाठव.’’ आणि चष्मा काढून त्यांनी तो विषय संपवला.

पुढे त्यांचे कान गेले. एकदम नव्हे, आधी फोनची घंटा गेली, मग नातवंडांचे बारीक आवाज गेले, मग उरलेले आमचे. कानातलं यंत्र आणलं, पण ते शिट्ट्या मारी आणि भांड्यांचा आवाज माणसांच्या आवाजाहून मोठा करी. महिन्याभरात ते माझ्या खणात, इतर वस्तूंच्या पंगतीला जाऊन बसलं.

बहिऱ्या माणसाशी आपण काय बोलतो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिलं आहे? ‘जेवायला चला.’ ‘गोळी घेतली का?’ ‘पंखा बंद करू?’ सारी कामाची वाक्यं. ती ओरडून सांगता येतात. पण शेजारच्यांकडे कोण आलं होतं, भाजीवाला आज काय म्हणाला, धाकटीनं शाळेत काय गंमत केली, हे कुणी ओरडून सांगत नाही. विनोद तर ओरडून सांगताच येत नाही. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्याचा जीव जातो. म्हणजे बहिऱ्या माणसाच्या वाट्याला उपयोगाचं तेवढं येतं, आणि ज्याला आपण घर म्हणतो ते सगळं निरुपयोगी बोलणं त्याच्या डोक्यावरून निघून जातं. तात्या जेवताना आमच्या तोंडांकडे पाहत. आम्ही हसलो की तेही हसत. फक्त थोड्या उशिरानं.

२०१९ च्या फेब्रुवारीत एक नवं ॲप निघालं. समोरचं बोलणं ऐकून ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचं. दिमित्री कानेव्स्की या गूगलमधल्या संशोधकाच्या गरजेतून त्याची कल्पना निघाली. ते स्वतः लहानपणापासून बहिरे. सत्तरावर भाषा त्याला कळत, आणि त्यांत मराठी होती. सवयीप्रमाणे मी ते उतरवून घेतलं आणि फोन तात्यांच्या ताटाजवळ पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

पहिलं वाक्य हिचं उमटलं. भात वाढू का, असं ती आपल्या नेहमीच्या आवाजात विचारीत होती. तात्यांनी ते वाचलं. मग हिच्याकडे पाहिलं. ‘‘वाढ,’’ ते म्हणाले, ‘‘पण याला विरामचिन्हं द्यायला सांगा.’’

त्या दिवसापासून फोन त्यांच्या ताटाशी बसू लागला. पुढे त्या ॲपला आवाजही ओळखता येऊ लागले. दार वाजलं, कुत्रं भुंकलं, कुणी हसलं, तर तेही पडद्यावर उमटे. तात्या पेन्सिल घेऊन बसत आणि ॲपच्या चुका वहीत उतरवून ठेवीत. आडनावांच्या बाबतीत त्याचं अज्ञान अगाध आहे, असा त्यांचा निकाल होता.

दिवाळीला दादा आला. गावच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. तात्यांच्या देखत हा विषय बोलायला आताशा कुणी आवाज खाली आणीत नसे. गरजच उरली नव्हती. दादानं व्यवहाराचा सगळा आकडा सांगितला, पाडव्यानंतर सह्या करून टाकू म्हणाला, आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. फोन तांब्याला टेकलेला होता.

तात्यांनी शेवटची ओळ वाचून होईपर्यंत घास तसाच हातात धरला होता. मग ते शांतपणे म्हणाले, ‘‘विका. पडकं घर ठेवून करायचं काय? पण आधी मला विचारा. आणि परसातल्या विहिरीचा उल्लेख कागदात वेगळा करा. ती सामाईक आहे.’’

कुणी काही बोललं नाही. पडद्यावर नवी ओळ आली नाही. पण त्यानंतर दादानं आपली खुर्ची फिरवली आणि तात्यांच्या समोर बसून, एकेक वाक्य उमटायची वाट पाहत, तो सारा व्यवहार पहिल्यापासून पुन्हा सांगितला. विहिरीचा कागद तात्यांच्या ट्रंकेत निघाला. सही पाडव्यानंतर झाली नाही. पौषात झाली, आणि पहिली सही तात्यांची होती.

माझ्या खणातल्या वस्तूंची मी परवा मोजदाद केली. बहुतेकांचा कशालाही उपयोग नाही. कित्येक ॲप्स तर निघाली, चार दिवस चमकली आणि बंदही पडली. त्यांची नावं आता मलाही आठवत नाहीत. नफ्यातोट्याचा हिशेब मांडायला बसलो तर मी बुडालेला व्यापारी आहे. पण कुठल्या घाण्यातली कुठली चकली जमेल, हे कढईलाही आधी ठाऊक नसतं.

तात्या आता नव्वदीत आहेत. मी तपकीर गल्लीतून घरी आलो की ते वहीतून मान वर करतात, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहतात आणि विचारतात, ‘‘काय रे, नवीन काही निघालं का?’’