मँचेस्टरहून आलेली कारंज्याची शकुंतला

दोस्तांनो, वाशीम जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि वरच्या बाजूला कारंजा शोधा. याच गावाला कारंजा लाड असंही म्हणतात. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे इथं दूरदूरचे भाविक येतात. जुनी जैन मंदिरंही आहेत. गावाभोवती कपाशीची काळीभोर जमीन. पण आज आपण देवळांत नाही, रेल्वे स्टेशनवर जाणार आहोत. तिकिटासाठी मात्र धावू नका बरं! इथली गाडी थांबलेली आहे.

तिचं नाव शकुंतला. यवतमाळहून निघायची आणि दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला पोचायची. अंतर ११३ किलोमीटर. मूर्तिजापूरहून दुसरा फाटा अचलपूरला जायचा. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमध्ये साडेपाच फूट अंतर असतं, हिच्या रुळांमध्ये अवघं अडीच फूट! म्हणून ही नॅरोगेज. वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीवरचाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की ते उघडून पुन्हा गाडीत चढायचा. वेळ लागायचा खरा, पण भाडं एसटीपेक्षा कितीतरी कमी. गोरगरिबांना तीच परवडायची.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभाराखाली ही लाइन सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईला जायचा आणि तिथून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांकडे. गंमत बघा, शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच! ते १९२१ साली तयार झालं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्यानं गाडी ओढली. म्हणजे जवळजवळ ७१ वर्षं! मग डिझेल इंजिन आलं आणि २०२० साल उजाडायच्या आत गाडीच बंद झाली.

आता प्रश्न असा, की एवढ्या जुन्या गाडीचं करायचं काय?

काही माणसांना जुनं वाहन दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. परदेशात नोकरीला गेलेली मंडळी तिथं एखादी गंजलेली मोटार शोधतात आणि सुट्टीच्या दिवशी ती दुरुस्त करत बसतात. असेच एक गृहस्थ इंग्लंडहून नोकरीसाठी भारतात आले होते. त्यांचं नाव मायकेल सॅटो. १९६०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या पलता जलकेंद्रावर त्यांना एक छोटंसं इंजिन बेवारस पडलेलं सापडलं. त्याचं नाव 'रिश्रा'. हेही १९२१ सालचंच, म्हणजे आपल्या शकुंतलेच्या इंजिनाच्या वयाचं! पुढे ते इंग्लंडला गेलं, दुरुस्त झालं आणि लेटन बझर्ड इथल्या छोट्या रेल्वेवर आलं. तिथं हौशी स्वयंसेवकच गाड्या चालवतात. आपल्या माथेरानच्या गाडीचं एक इंजिनही असंच इंग्लंडात पोचलं आहे. सॅटोसाहेबांनी मात्र सगळंच आपल्या देशी नेलं असं नाही. दिल्लीचं रेल्वे संग्रहालय उभं राहिलं त्यातही त्यांचा मोठा हात होता.

जुनं इंजिन दुरुस्त करायचं म्हणजे नुसता रंग फासायचा नव्हे. बॉयलर हा त्याचा जीव. आतल्या नळ्या गंजल्या असतील आणि तशीच आग पेटवली, तर वाफेच्या दाबानं बॉयलर फुटू शकतो. म्हणून आधी त्यात थंड पाणी भरतात, पंपानं दाब देतात आणि कुठं गळतंय का ते बघतात. बाजारात न मिळणाऱ्या भागाचा आधी लाकडी साचा करतात, मग त्यावरून नवा भाग ओततात. पितळी भाग चोरीला गेले असतील, तर कामात काम! मूळ भाग जागेवर असले, की निम्मी लढाई जिंकल्यासारखीच.

आता कारंज्याकडे वळू. हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा २०१६ साली झाली. इथल्या लोकांना मोठी गाडी हवी आहे आणि ते रास्तच आहे. शेतमाल न्यायचा, कॉलेजला जायचं, दवाखाना गाठायचा, तर गाडी वेगानं जायलाच हवी. पण साडेपाच फुटांच्या रुळांवर अडीच फुटांची गाडी कशी धावणार? म्हणजे नवं येताना जुनं जाणार. मग निदान एखादी स्टेशनची इमारत, एखादा सिग्नल, थोडेसे रूळ आणि एखादा डबा तरी गावात जपून ठेवायला नको का? नागपूरला मोतीबागेत २००२ साली नॅरोगेजचं संग्रहालय सुरू झालं. तिथं जुनी इंजिनं आणि डबे जवळून पाहता येतात. पण ज्या गावातून गाडी गेली, त्या गावातच तिची खूण असली तर तिची गोडी निराळीच.

तुम्ही कारंजा, दारव्हा किंवा मूर्तिजापूरच्या बाजूचे असाल, तर एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, शकुंतलेत बसून तुम्ही कुठं जायचात? तिकीट किती होतं? डब्यात काय काय भरलेलं असायचं? ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. पितळेचा भाग पुन्हा ओतता येतो, पण आजोबांची आठवण कुठल्या साच्यात ओतणार?