मळसूत्राची शिस्त

मनगटी घड्याळातील इवल्या स्क्रूपासून आगगाडीच्या बोल्टापर्यंत असंख्य वस्तू आट्यांच्या आधाराने एकत्र राहतात. मुलांनो, हे आटे पाडण्याचे काम पाहण्यात माझे मन फार रमते. माझ्या ओळखीचा एक कारागीर सहा मिलिमीटर जाडीच्या सळईवर आटे पाडी. सळई लेथवर फिरे आणि लेथचे लांब मळसूत्र तिच्या प्रत्येक फेऱ्यास हत्यार नेमके एक मिलिमीटर पुढे नेई. काप हलके आणि अनेक. पण दर खेपेस हत्यार पहिल्याच खाचेत उतरे. केसाएवढी चूकही आटे बिघडवी.

पूर्वी आटे बहुधा हातानेच पाडीत. म्हणून एका बोल्टाचा नट सहसा दुसऱ्याला बसत नसे. सुमारे १८०० साली लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांनी अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्यांच्याच कारखान्यात पूर्वी काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचा कोन व अंतर यांचे प्रमाण सुचवले. हळूहळू कारखाने ते पाळू लागले आणि एकमेकांना कधीही न पाहिलेल्या कारागिरांचे काम बिनचूक जुळू लागले. ठरलेले माप एकांतातही पाळणे म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द पाळणेच होय.