बेंचवरची जागा

१९ ऑक्टोबर २०२४
आज लेकीने सही केली. मोठ्या खेळाडूंना संघात घेताना करतात तसा थाट: टेबलावर कॉलेजच्या रंगाचं कापड, कागद, पेन, मागे महिला बास्केटबॉलचा सगळा संघ. ‘टीम इम्पॅक्ट’ ही क्विन्सी, मॅसॅच्युसेट्सची संस्था २०११ पासून अशा जोड्या जुळवते, दीर्घ आजाराचं मूल आणि जवळच्या कॉलेजचा संघ. घरच्यांना खर्च काही नाही. लॉकरवर तिचं नाव आहे, जर्सीही मिळाली.
रात्री सांगलीहून आईचा फोन. “म्हणजे ती खेळणार का गं?” म्हटलं, खेळणार नाही, पण संघात असणार. सरावाला जाणार, बेंचवर बसणार. आई जरा थांबून म्हणाली, “बसू दे. घरात बसून कंटाळलीय पोर.”

५ नोव्हेंबर
ल्युकेमियासाठी दिलेल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधाने पायाच्या नसा दुबळ्या होतात. चालताना पाऊल पुरतं उचललं जात नाही, लेक अडखळते. फिजिओथेरपिस्टने टाचांवर चालायला सांगितलंय. घरी त्यावरून रोज रडारड.
आज वॉर्मअपच्या वेळी कॅप्टनने तिला विचारलं, तुझा व्यायाम कुठला? मग सगळ्या उंच पोरी ओळीने टाचांवर कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. दोघी मध्येच तोल जाऊन बसल्या. लेक पुढे होती, मागे वळून त्यांना ओरडत होती, “बोटं वर! बोटं वर!” हेच वाक्य मी तिला किती महिने ऐकवतेय.

२२ नोव्हेंबर
तिला काम मिळालं. प्रतिस्पर्ध्याच्या पासला आपल्या कुणाही खेळाडूचा हात लागला की तक्त्यात त्या खेळाडूच्या नावापुढे एक रेघ. गुणफलकावर हे दिसत नाही, पण बचाव कितपत सावध आहे ते यावरून कळतं. मध्यंतरात कोचने तक्ता मागून घेतला, बोट ठेवून वाचला आणि एकीला तिथेच झापलं. लेकीचा चेहरा मी लांबून पाहिला. गेलं वर्षभर सगळे तिला खेळणी, फुगे, टोप्या देत आले. तिच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं.

१० डिसेंबर
स्टिरॉइडचे पाच दिवस. भूक, संताप, पाय दुखणं. सरावाला गेली आणि कुणाशी एक शब्द बोलली नाही. संघाची पॉइंट गार्ड शेजारी बसून मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन वाचत राहिली. या पोरींच्याही परीक्षा आहेत. यांचा संघ कॉलेज खेळांच्या डिव्हिजन थ्रीमधला, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही नसते, आवडीने खेळतात. अशा दिवशी फोटो काढायला कुणी येत नाही, आणि मला मोल वाटतं ते अशाच दिवसांचं.

१६ जानेवारी २०२५
नेब्रास्काचा जॅक हॉफमन काल गेला. १९ वर्षांचा होता. मेंदूचा कर्करोग. एप्रिल २०१३ मध्ये, सात वर्षांचा असताना, लिंकनच्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात चेंडू घेऊन ६९ यार्ड धावला होता तो. ६० हजार लोक उभे, खेळाडूंनी उचलून खांद्यावर घेतलं. लोकांच्या लक्षात ती धाव आहे. मला आज त्याआधीचं आठवत राहिलं. रेक्स बर्कहेड या खेळाडूची आणि त्याची ओळख २०११ ची, शस्त्रक्रियेच्या आधीची. एका दिवसाचा जल्लोष कुणीही करेल, बर्कहेड नंतरही जॅकला धरून राहिला.
लेकीला सांगायचं की नाही, यावर ह्यांच्याशी उशिरापर्यंत बोलले. तिचा आजार वेगळा, बरं होण्याची आशा खूप मोठी. तरी तिला बातमी बाहेरून कळण्यापेक्षा आमच्याकडून कळावी, असं ठरलं. उद्या सांगू.

८ फेब्रुवारी
दुपारी ताप १००.४ च्या वर. औषधासाठी छातीत पोर्ट बसवलेल्या पोरांना मग थांबता येत नाही, लगेच इस्पितळ, रक्ताची तपासणी, अँटिबायोटिक. संध्याकाळची मॅच गेली. पांढऱ्या पेशी कमी, त्यामुळे भेटायलाही कुणी नको. बसमधून पोरींचा व्हिडिओ कॉल आला. हरल्या होत्या, कॅप्टनचे डोळे सुजलेले. लेकीने तिची समजूत काढली. ड्रिप लावलेल्या हाताने फोन धरून, चांगली दहा मिनिटं.

१५ फेब्रुवारी
पेशींचा काउंट वर आला, संघाकडे जायची परवानगी मिळाली. कोचचं पहिलं वाक्य, “मागच्या मॅचचा तक्ता कुठंय?” व्हिडिओवरून भरून द्यायचा आहे, सोमवारच्या सरावाआधी. लेक जेवणं झाल्यापासून लॅपटॉपला चिकटलीय. पहिले दोन क्वार्टर झाले. गणिताचा गृहपाठ तसाच पडलाय, गोळीची वेळ झालीय. आता उठवते तिला.